मॅडमनी ओपीडी थांबवली तेव्हा

फोन आला तेव्हा मी एका वयस्कर गृहस्थांच्या पाठीवरचं गजकर्ण बघत होते. नांदेडहून मॅडमचा भाचा बोलत होता. "ताई, मावशी गेली. सकाळी चहा घेतला, पेपर वाचला, आणि खुर्चीतच..." मी "निघते" एवढंच म्हटलं, फोन ठेवला आणि पुन्हा त्या पाठीकडे वळले. मलम लिहून दिलं, कसं लावायचं ते सांगितलं, घरातल्या सगळ्यांना एकदा दाखवायला आणा म्हटलं. ते गृहस्थ बाहेर गेले आणि मग मला रडू कोसळलं. पेशंट अर्ध्यावर टाकून रडले असते तर मॅडम वरून ओरडल्या असत्या. 'वरून' वगैरे त्या मानत नसत, पण ओरडल्या नक्की असत्या.

डॉ. कौसल्या सोनकांबळे यांना नांदेड-लातूर भागातले पुष्कळ लोक त्वचेच्या डॉक्टर म्हणून ओळखतात, आणि निम्म्या मराठवाड्यातले डॉक्टर शिक्षिका म्हणून. मी त्यांची विद्यार्थिनी. मूळची औशाची, लातूरला त्वचारोगाचा दवाखाना चालवते. ज्यांनी मला पाहिलेलं नाही त्यांना एक गोष्ट सांगायला हवी, कारण ती सांगितल्याशिवाय मॅडमविषयी काहीच सांगता येणार नाही. मला कोड आहे. शाळेत असताना ओठांच्या कडेला पहिला डाग आला, मग डोळ्यांभोवती, मग दोन्ही हातांवर. माझा रंग सावळा, त्यामुळे ते लांबूनच ओळखू येतं. घरात कुणी त्याचं नाव घेत नसे. 'शैलाचं ते' असं म्हणत. आज इतक्या वर्षांनी मी हे पेपरात बिनधास्त लिहिते आहे, यात माझा वाटा थोडा आणि मॅडमचा फार मोठा आहे. हा लेख त्यासाठीच.

आमची भेट झाली तेव्हा लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं. पाट्या नव्या आणि इमारती जुन्या असा सगळा कारभार. एखाद्या साहेबाला भेटायचं तर आधी कुणाच्या तरी माडीवर चढावं लागे, कारण कचेऱ्या भाड्याच्या घरांत होत्या. दवाखान्यालाही नवे विभाग मिळत होते. त्वचारोगाच्या वाट्याला एक लांबट खोली आली होती, एक मोठी खिडकी, मधे लाकडी फळ्यांचा आडोसा आणि त्यामागे औषधांची खोकी. मी हाऊसमन, म्हणजे शिकाऊ डॉक्टर, म्हणून तिथं रुजू झाले ते त्वचारोगाची आवड होती म्हणून नव्हे, दुसरीकडे जागा नव्हती म्हणून. खोलीत एक ठेंगण्या बाई खुर्चीवर उभ्या राहून खिडकीच्या काचा पुसत होत्या. मी त्यांना विचारलं, "डॉक्टर कुठे बसतात?" त्या म्हणाल्या, "काचा पुसून झाल्या की बसतील." त्याच मॅडम.

त्या वर्षी पाऊस आलाच नाही. आदल्या वर्षीही बेताचाच होता. दुष्काळ म्हटलं की लोकांना करपलेली शेतं आठवतात, मला खरूज आठवते. पाणी नाही म्हणून आंघोळ नाही, धुणं नाही, एका गोधडीत सगळी लेकरं, आणि बघता बघता अख्खं गाव खाजवत बसतं. आमच्या खोलीबाहेर रांग रस्त्यापर्यंत जाई. पुस्तकात लिहिलं होतं की औषध लावण्याआधी साबण लावून भरपूर पाण्यानं आंघोळ करावी. मी पहिल्याच आठवड्यात एका बाईला ते अगदी पाठ म्हटल्यासारखं सांगितलं. ती म्हणाली, "आंघुळीला पानी तू देतीस का?" मागून मॅडम म्हणाल्या, "फडकं ओलं करून अंग पुसा, मग लावा. कपडे दिवसभर उन्हात टाका. ऊन लई हाय, त्याला टँकर लागत न्हाई." बाई हसली. मीही हसले, आणि पुस्तकाबाहेरही डॉक्टरकी असते हे पहिल्यांदा डोक्यात आलं.

पुस्तकावरून आठवलं. माझ्याबरोबर उदगीरचा बिरादार म्हणून एक मुलगा हाऊसमन होता, अतिशय हुशार, आणि ते त्याला माहीत होतं. एकदा दुष्काळी कामावर खडी फोडणारी एक बाई आली. काळीसावळी, खांद्यावर खाज आणि आग. बिरादारनं आणि मी आपापली तपासणी केली आणि दोघांनीही केसपेपरवर लिहिलं, 'लाल चट्टे'. मॅडमनी वाचलं. "बिरादार, लाल कुठं हाय? बोट ठेव." बिरादारचं बोट खांद्यावर इकडून तिकडं फिरत राहिलं. मग मॅडमनी मला सांगितलं. माझंही बोट फिरलं. त्या खांद्यावर लाल असं काही नव्हतंच. लाल पुस्तकात होतं, गोऱ्या माणसाच्या रंगीत फोटोत, आणि आम्ही ते तिथून उचलून या बाईच्या खांद्यावर ठेवून दिलं होतं. गंमत म्हणजे आम्ही दोघंही तिच्याइतकेच काळेसावळे, रोज आरशात स्वतःची कातडी बघणारे! मॅडम चिडल्या नाहीत. त्या बाईला म्हणाल्या, "माय, जरा उजेडात येता का?" खिडकीजवळ बसवून त्यांनी तिच्या खांद्याला हाताची मागची बाजू लावली, मग आम्हाला लावायला सांगितली. तेवढी जागा गरम लागत होती आणि नीट बघितलं तर रंगानं जांभळट होती. "पुस्तक लिहिणाऱ्यानं त्याच्या गावची माणसं बघून लिहिलं. त्याचा काय गुन्हा? तुम्ही तुमच्या गावची बघा," मॅडम म्हणाल्या. पुढं त्यांनी जुना कॅमेरा मिळवला आणि आपल्याकडच्या कातडीवर कोणता आजार कसा दिसतो याचे फोटो जमवायला लागल्या. फोटो काढण्याआधी पेशंटला विचारत, कशासाठी हवा ते समजावून सांगत. कुणी नको म्हटलं तर "बरं" म्हणून कॅमेरा ठेवून देत. त्या काळात गरीब पेशंटला विचारण्याची पद्धत नव्हती, म्हणून हे मला जास्त लक्षात राहिलं.

मी त्या बाईच्या खांद्याला हात लावला खरा, पण ग्लोव्हज घालून. ओपीडीत मी सतत ग्लोव्हज घालून बसे. खरजेची साथ आहे, हे कारण आयतं मिळालं होतं. वर लांब बाह्यांचं ब्लाउज, डोळ्यांभोवती पावडर आणि ओठांना जाड लिपस्टिक. मॅडमना सगळं दिसत होतं, पण त्यांनी कधी विषय काढला नाही. काढला तो दुष्काळानं. तेव्हा ग्लोव्हज धुऊन, वाळवून, पावडर लावून पुन्हा वापरत. पाणी आटलं तसं सिस्टरनी सांगून टाकलं, ओपीडीला ग्लोव्हज बंद, फक्त बाळंतपण आणि ऑपरेशनला मिळतील. दुसऱ्या दिवशी मी उघड्या हातांनी खुर्चीवर बसले. भर बाजारात चप्पल तुटावी तसं वाटत होतं, सगळे आपल्याच पायांकडे बघताहेत असं.

तिसरा की चौथा पेशंट असेल. निलंग्याकडची एक आजी नातवाला घेऊन आली होती. पोराच्या बोटांच्या बेचक्यांत फोड होते. मी हात पुढं केला आणि आजीनं पोराला झटकन मागं ओढलं. "ह्या बाईला कोड हाय की व माय! हिचा हात नगं माझ्या लेकराला. त्या दुसऱ्या बाईकडं दावते." मी उठले आणि फळ्यांच्या आडोशामागं जाऊन एका खोक्यावर बसले. मनात सगळं ठरवून टाकलं, संध्याकाळच्या एसटीनं औसा, घरी सांगायचं की हे काही माझं काम नाही, कुठंतरी कागद तपासायची नोकरी बघायची. आता मॅडम त्या पोराला तपासतील, रांग पुढं सरकेल, आणि थोड्या वेळानं येऊन माझ्या पाठीवरून हात फिरवतील असं मला वाटलं होतं.

त्या आल्याच नाहीत. फळीपलीकडून आवाज तेवढे येत होते. आजी म्हणाली, "बाई, तुमीच बगा की." मॅडम म्हणाल्या, "हे लेकरू डॉक्टर शैलजांकडं हाय. त्या आत गेल्यात, येतील. बसा." "तवर दुसऱ्याचं तरी बगा," कुणीतरी म्हणालं. "आज त्यांचं झालं की मग पुढचं. मी बी थांबून राहिले." आणि खरंच, त्यांनी पेन खाली ठेवलं, पुढचा नंबर पुकारला नाही, काही नाही. सगळी ओपीडी थांबली. लोक कुरकुरायला लागले. एक बाप्या ओरडला, "टँकरची येळ झाली बाई, घागरी लाइनीत हायत!" आडोशामागं मला मॅडमचा इतका राग आला, इतका... मला गुपचूप निघून जायचं होतं आणि ही बाई अख्ख्या रांगेला माझ्या दारात बसवून मोकळी झाली होती. शेवटी मी बाहेर आले ती धीर करून नव्हे. माझ्यापायी कुणाची तरी घागर रिकामी राहील, या लाजेनं आले.

मॅडमनी मान वरही केली नाही. "सुरू करा, डॉक्टर," एवढंच म्हणाल्या. आजीनं माझ्या हातांकडं बघितलं आणि मॅडमना विचारलं, "लागट न्हाई ना?" "मला काय विचारता? डॉक्टर समोर बसल्यात, त्यांना विचारा." आजीनं नाइलाजानं मला विचारलं. मी पोराच्या बोटांकडं बघत म्हटलं, "न्हाई आज्जी. कोड लागट नसतंय. खरूज लागट असती. भ्यायचं तर मी तुमच्या नातवाला भ्यायला पाहिजे." रांगेतला तो घागरीवाला मोठ्यानं हसला, मग बाकीचे, मग आजीही पदर तोंडाला लावून हसली. तिनं पोराचा हात माझ्या हातात दिला. मी त्याची बोटं एकेक करून तपासली. त्या दिवशी मी ठरवलं की शिकायचं तर हेच शिकायचं.

संध्याकाळी चहा पिताना मी मॅडमना जरा घुश्शातच विचारलं, "तुम्ही आत का नाही आलात?" तेव्हा त्यांनी मला पहिल्यांदा त्यांचं सांगितलं. गाव बिलोली तालुक्यातलं, वडील मुदखेडला रेल्वेत गँगमन. मॅडम लहान असतानाच घरानं बौद्ध धम्म घेतला. त्या डॉक्टर झाल्या आणि पहिली नेमणूक एका खेड्यात मिळाली. "लोक यायचे, बसायचे. आधी विचारायचे, गाव कोणतं, वडील काय करतात, पूर्ण नाव काय. आडनाव कळलं की ताप आपोआप उतरायचा आणि माणूस घरी जायचा." हे सांगताना त्या इतक्या हसल्या की बशीत चहा सांडला. "तुझं चेहऱ्यावर दिसतं तरी, शैला. माझं तर काहीच दिसत न्हवतं, तरी लोकांना बरोबर सापडायचं." मी विचारलं, मग तुम्ही काय करायचा? "काय करणार? दवाखाना उघडून बसून राहायची. दुसरा डॉक्टर लई लांब होता. चार महिन्यांनी एकाचं पोरगं तापानं फणफणलं, तेव्हा आला दारात. मग हळूहळू सगळे आले. आत येऊन माझ्या पाठीवरून कुणी हात फिरवला असता ना, तर मी मुदखेडला परत गेले असते."

पुढं त्वचारोगातच पदव्युत्तर शिक्षण घ्यायचं म्हटल्यावर एका ज्येष्ठ डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन समजावलं. माणूस मनानं चांगला होता. ते म्हणाले, बालरोग घे, डोळ्यांचा विषय घे, पण स्वतःच्या चेहऱ्यावर कोड असताना कातडीची डॉक्टर होऊन कसं चालेल, लोक पायरीवरूनच परत जातील. हे घरी कळलं आणि अप्पा, म्हणजे माझे वडील, तडक एसटीत बसून लातूरला आले. अप्पांचं औशाच्या मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, आडत दुकान. घर लिंगायत, गळ्यात लिंग, डोक्याला रुमाल, बोलणं मोजकं. "तुझ्या त्या बाईंनाच सांगतो," म्हणाले, आणि मला घेऊन मॅडमच्या घरी गेले. मॅडमनी चहा ठेवला. इथं सांगायला हवं की आमच्या घरी काही लोकांसाठी कप वेगळे असत. कुणासाठी, ते कुणी बोलून दाखवत नसे, सगळ्यांना ठाऊक असे. अप्पांनी आयुष्यात अशा घरचा चहा घेतलेला नव्हता. मॅडमना ते पुरतं कळत होतं. त्यांनी कप अप्पांसमोर ठेवला, "घ्या" असं एकदाही म्हटलं नाही, आणि स्वतःचा चहा प्यायला लागल्या.

अप्पा म्हणाले, "बाई, पोरगी हुशार हाय, त्यात वाद न्हाई. पर कातडीची डाक्टर झाली तर पाटी लागंल, शंभर लोक येऊन तोंड बघतील. आतापतूर झाकून हाय. लग्नाचं काय करू मी?"

"आतापतूर कुणापासून झाकून हाय, अप्पा? औशाला कुणाला ठाऊक न्हाई?"

अप्पांनी डोक्याचा रुमाल सारखा केला. "ठाऊक तर... समद्याला हाय."

"मग झाकून काय राहिलं? पोरगीच तेवढी झाकून बसली."

"लोक बोलतील, बाई."

"बोलतीलच की. मला अजून बोलून राहिले. मी कुठं दवाखाना बंद केला?"

निवलेल्या चहाचा कप अप्पांनी उचलला आणि एका दमात रिकामा केला. मी त्यांना स्टँडवर सोडायला गेले. एसटी सुटायच्या वेळी खिडकीतून म्हणाले, "बाई चहात साखर लई घालतीय." मी खिडकीचा गज धरून थांबले. "शिक जा. फारमला पैसे लागले तर सांग." माझं लग्न उशिरा झालं, पण अप्पांना वाटत होतं त्यापेक्षा बरंच बरं झालं. लग्नात मॅडम पहिल्या पंगतीला अप्पांच्या शेजारी बसल्या होत्या आणि दोघं ज्वारीच्या भावावर वाद घालत होते.

नंतर मॅडम एका वैद्यकीय महाविद्यालयात विभागप्रमुख झाल्या आणि मी त्यांच्या हाताखाली शिकले. त्यांच्या हाताखाली शिकणं सोपं नव्हतं. उशीर झाला की दाराबाहेर. कौतुक तर त्यांच्या तोंडून मी जवळपास ऐकलंच नाही, आणि कधी कधी त्या उगाच एखाद्यावर रागवत, चूक कळली तरी माफी न मागता नुसता डब्यातला ठेचा त्याच्यापुढं सरकवत. नवी मुलं आली की पहिल्या दिवशी विचारत, "ह्या वर्गात कोण न्हाई?" मुलं हजेरी घेताहेत असं समजून शेजारी बघायची. मॅडमना विचारायचं असे की कोणत्या तालुक्यातलं, कोणत्या वस्तीतलं, कोणत्या घरातलं पोर इथं पोचलेलंच नाही. मग त्या पोरांना पोचवायच्या खटपटीत त्या वर्षभर असत. कुणाला जुनी पुस्तकं द्यायच्या, कुणाच्या बापाला भेटून यायच्या, हॉस्टेलात कुणाला आडनावावरून छळताहेत असं कानावर आलं की रात्री ल्युनावरून जाऊन दार ठोठवायच्या. ल्युना त्या इतकी वाईट चालवत की छळणाऱ्यांपेक्षा आम्हाला तिची भीती जास्त वाटे. एकदा तोंडी परीक्षेच्या तयारीत जिल्हा परिषदेच्या शाळेतून आलेली एक मुलगी इंग्रजीत अडखळून रडायला लागली. मॅडम म्हणाल्या, "मराठीत सांग. पेशंटला आजार मराठीतच झालाय." तिनं घडाघडा सांगितलं. "आता हेच इंग्रजीत सांग. परीक्षक काय माझ्यासारखा नसंल." ती मुलगी आज प्राध्यापक आहे. बिरादारसुद्धा आहे, आणि तोही विद्यार्थ्यांना खिडकीशी नेऊन "लाल कुठं आहे, बोट ठेवा" असं विचारतो, असं ऐकते.

शेवटची भेट गेल्या उन्हाळ्यात झाली, नांदेडला. डोळ्यांना कमी दिसत होतं, पण माझा हात धरून उजेडात नेला आणि अगदी जवळ धरून बघितला. "वाढलं का गं?" मी म्हटलं, "हो मॅडम. कोपराच्या वर गेलंय." "दुखतंय का?" "नाही." "मग जाऊ दे की फिरायला." निघताना मला खूप काही म्हणायचं होतं. मॅडम, तुम्ही त्या दिवशी ओपीडी थांबवली नसती तर मी आज कुठं असते... पण असलं काही बोलायला लागलं की त्यांना कामं आठवत. मी वाकले, त्यांनी खांदा धरून उभं केलं आणि म्हणाल्या, "एसटी चुकंल." ते राहून गेलेलं आता इथं सांगते. मॅडम, मी तुमची फार ऋणी आहे.

त्या गेल्यावर काही दिवस काम सुचत नव्हतं. मग औशाला त्वचारोग तपासणीचं शिबिर होतं, ते ठरलेलं, गेले. शाळेच्या वर्गात बसले होते. दुपारकडे एक आई आपल्या मुलीला घेऊन आली. पोरगी नववी-दहावीतली. डोळे सोडून सगळा चेहरा स्कार्फमध्ये गुंडाळलेला आणि हातात, त्या उकाड्यात, पांढरे हातमोजे. आईच बोलत होती. कुठं कुठं दाखवलं, कुणी काय पथ्य सांगितलं, पावण्यांना काय सांगून ठेवलंय. मुलगी माझ्या तोंडाकडं टक लावून बघत होती. आई दम घ्यायला थांबली तेवढ्यात तिनं विचारलं, "मॅडम, तुम्ही आधी डॉक्टर झालात, की तुम्हाला डाग आधी आले?"

आईनं तिला कोपरानं ढोसलं. मला मात्र तो प्रश्न नीट कळला. डॉक्टर झाल्यावर डाग आले असते, तर मी तिच्या काही कामाची नसते.

"डाग आधी आले," मी म्हटलं. "तुझ्याएवढी होते. मग मॅडम भेटल्या. मग डॉक्टर झाले."

बाहेर रांगेत कुणीतरी माझ्या नावानं ओरडत होतं. तिनं मानेमागं हात नेऊन स्कार्फची गाठ सोडली, तो काढून मांडीवर ठेवला आणि विचारलं, "कोण मॅडम?"

मी पेन खाली ठेवलं आणि तिला सांगायला लागले.